घड्याळजी खुनी नाही

सहा वर्षांत विल्फ्रेड ऑसगूडने पडद्यावर नऊ खून केले होते. युद्धात लिबियाच्या वाळवंटात त्याचा रणगाडा पेटला आणि चेहऱ्याची डावी बाजू भाजून निघाली. डॉक्टरांनी मांडीची कातडी लावून गाल उभा केला, पण हसताना तो गाल हलत नसे. युद्धाआधी गावोगावच्या नाटक मंडळ्यांत तो प्रियकराची कामं करायचा. आता निर्माते त्याच्या तोंडावरच म्हणत, "वा, मेकअपचा खर्च वाचला!"

थेम्सकाठच्या त्या स्टुडिओत पूर्वी धुलाईचा कारखाना होता. मागे रेल्वेचं यार्ड होतं. मालगाडीचे डबे जोडायला लागले की शूटिंग थांबवून सगळे चहा पीत. एकावन्न सालच्या नोव्हेंबरात तिथे अकरा दिवसांत एक रहस्यपट उरकायचा होता. मोठ्या सिनेमाच्या आधी दाखवतात तसला, जेमतेम तासाभराचा. क्रॉयडनच्या एका भाडेकरूंच्या घरात जवाहिऱ्याचा खून होतो, तिथेच राहणारा देखणा माजी वैमानिक तपास लावतो आणि वरच्या मजल्यावरचा भाजलेल्या चेहऱ्याचा घड्याळजी खुनी निघतो. घड्याळजी कोण, हे सांगायलाच नको.

आठव्या दिवशी वैमानिकाचं काम करणाऱ्या डेस्मंड व्हेलला मोठ्या स्टुडिओचं बोलावणं आलं. त्याच्या करारात तशी सोय होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तो जाणार होता. आणि खुन्याला उघडं पाडायचा शेवटचा प्रसंग अजून चित्रित व्हायचाच होता.

"संपलं," दिग्दर्शक क्रॅबट्री डोकं धरून खोक्यावर बसला. "तपास लावणाराच नाही, तर शेवट काय डोंबल करू?"

मग नेस्टा प्रायर पुढे आली. कुठल्या शॉटमध्ये कोणाच्या हातात काय होतं, याची वही ती सांभाळायची. वेल्समधल्या खाणकामगाराची मुलगी. कामापुरतं बोलणारी.

"साहेब, व्हेलसाहेबच खुनी असले तर?"

"डोकं ठिकाणावर आहे का, नेस्टाबाई? ऑसगूडचं थोबाड दिसलं की लोकांना कळतं, खुनी कोण ते!" बोलून गेल्यावर क्रॅबट्रीला विल्फ्रेड शेजारीच उभा असलेला दिसला. त्याने नजर खाली घातली.

"म्हणूनच तर म्हणते. कोणाला संशयच येणार नाही." नेस्टाने वही उघडली. "आणि पुरावा आहे. जिना चढताना व्हेलसाहेबांच्या हातात राखाडी हातमोजे आहेत. जवाहिऱ्याच्या खोलीतून बाहेर येतात तेव्हा नाहीत. हे दोन शॉट वेगवेगळ्या दिवशी घेतले. दुसऱ्या शॉटच्या दिवशी माझी दाढ ठणकत होती, माझं लक्ष चुकलं. चूक माझी आहे साहेब. चार दिवस सांगायचा धीर होत नव्हता."

एवढ्याशा चुकीवरून माणसांना घरी पाठवलेलं विल्फ्रेडने पाहिलं होतं. तिला गप्प बसता आलं असतं.

क्रॅबट्रीने वही दोनदा वाचली. "मोजे रक्ताळले म्हणून शेगडीत टाकले," तो सावकाश म्हणाला. "आणि हे ध्यानात कोणाच्या येईल? बारीक बघायची सवय असलेल्याच्या. घड्याळजीच्या!"

व्हेल खो खो हसला. "मी खुनी? माझी आई जेवण टाकेल!" पण जाण्याआधी त्याने अपराधी नजरेचे दोन शॉट झकास दिले. पळून जाताना नदीत उडी मारायला त्याचा कोट घालून टेड मॅबट हा दिवेवाला तयार झाला. "पाणी गार असलं तर ब्रँडी तुमच्याकडून," एवढीच त्याची अट.

शनिवारी सकाळी विल्फ्रेडचं चार मिनिटांचं भाषण होतं. सवयीने त्याने विचारलं, "कुठली बाजू देऊ?"

"समोरून," क्रॅबट्री म्हणाला. "आहेस तसा."

भाषण निम्म्यावर आलं आणि यार्डात डबे धडधडले. कॅमेरा थांबला नाही. विल्फ्रेडही थांबला नाही. त्याने खिशातलं घड्याळ काढलं, आवाज सरेपर्यंत त्याला शांतपणे चावी दिली आणि पुढचं वाक्य उचललं. भाषण संपलं तेव्हा टेडच्या डोळ्यांत पाणी होतं. विचारल्यावर म्हणाला, "दिव्याचा त्रास."

वसंतात डेप्टफर्डच्या थिएटरात दुपारच्या खेळाला विल्फ्रेड आणि नेस्टा शेजारी बसले होते. मागून एक बाई मैत्रिणीला म्हणाली, "हाच असणार मेला. तोंड बघ की!" नेस्टाने त्याच्या बाहीवर हात ठेवला. शेवटी त्याच बाईचा आवाज आला, "अगंबाई! आणि मी त्याला काय काय बोलले गं!"

दिवे लागले. बाईने त्याला ओळखलं आणि लाजून लाल झाली. "मला माफ करा हं," म्हणत तिने पर्समधून, तेव्हा रेशनवर मोजून मिळणाऱ्या, गोड गोळ्यांची पुडी काढली आणि त्याच्या हातात कोंबली. "घ्या, घ्या. लिंबाच्या आहेत."

पुढे त्याला गावच्या डॉक्टरचं काम मिळालं, मग हवालदाराचं आणि एकदा नवरीच्या बापाचं. पण ते नंतर. त्या दुपारी थिएटरसमोरच्या चहाच्या दुकानात तो बराच वेळ कप फिरवत बसला.

"नेस्टाबाई, मला बोलता येत नाही. लिहून दिलेलंच येतं."

"मग राहू द्या."

"नाही. तुमची नोकरी जाऊ शकली असती. तरी तुम्ही बोललात." त्याने तिच्याकडे सरळ पाहिलं. "माझे फार उपकार झाले हो तुमच्याकडून... नाही, उलट. तुमचे. माझ्यावर."

नेस्टा इतकी हसली की बशीत चहा सांडला. विल्फ्रेडही हसला, जेवढा हसता येत होता तेवढा, आणि तिच्यासाठी आणखी एक लोणी लावलेला पाव मागवला.