नवा पिस्टन बसल्यावर

माझ्या सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर चार उभे ओरखडे होते. सर्वांत खोल ओरखडाही इतका उथळ होता की बोटाला कळत नसे. नख फिरवले तरच अडकत असे. ते चारही ओरखडे एकाच क्षणी पडले, आणि त्याच क्षणी एक माणूस रस्त्यावर फेकला गेला.

मित्रांनो, मी सायकलवर बसवायचे टू-स्ट्रोक इंजिन आहे. तुमच्या दप्तराहून लहान. सायकलच्या दांड्यांमधल्या त्रिकोणात मला बोल्टांनी आवळतात आणि माझ्यापासून मागच्या चाकाला एक साखळी जाते. मला कारखान्यातून आणले ते एका म्हाताऱ्या टर्नरने. आयुष्यभर लेथवर लोखंड कातून ते नुकतेच घरी बसले होते. त्यांचा मुलगा घरोघर जाऊन शिलाई मशिने दुरुस्त करायचा. अवजारांची जड पिशवी घेऊन तो दिवसभर पायडल मारायचा, म्हणून बापाने मला आणले.

ती माझी चांगली वर्षे. मुलगा चढावर माझ्या टाकीवर थाप मारून म्हणायचा, "चल गं बाई, एवढं चढ, मग उतारावर झोप." आणि मी चढायची.

आता माझ्या पोटातली एक गोष्ट सांगते. मोठ्या गाड्यांप्रमाणे माझ्यात वेगळे तेल साठत नाही. पेट्रोलमध्येच थोडे तेल मिसळावे लागते. त्या तेलाचा पातळ थर पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये असतो. तेल नसेल तर दोन्ही तापतात; त्यात अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन बिडाच्या सिलिंडरपेक्षा जवळजवळ दुपटीने फुगतो. मग त्याला हलायला जागाच उरत नाही.

टर्नरकडे दोन सारखे डबे असत. एकात तेल मिसळलेले पेट्रोल, दुसऱ्यात सुटे भाग धुण्याचे साधे. सून म्हणायची, "बाबा, डब्यांवर नावं लिहा ना."

"लेबल औषधाच्या बाटलीला लावतात. मला नाक आहे, बोटं आहेत."

ते खरेच वास घेऊन आणि दोन बोटांत थेंब चोळून डबा ओळखत. त्या दिवशी त्यांना सर्दी होती. आणि ते नुकतेच माझ्या साखळीला तेल देऊन उठले होते. बोटे आधीच तेलकट होती, त्यामुळे साधे पेट्रोलही त्यांना बुळबुळीत लागले. त्यांनी स्वतःच्या हाताने माझी टाकी भरली.

चढावर मी तापले. माझा आवाज बदलला, पण मुलाला उशीर झाला होता. उतार लागला आणि पिस्टन अडकला. साखळी थांबली, मागचे चाक जागीच जाम झाले. क्लच दाबला असता तर चाक सुटले असते. तेवढा वेळ त्याला मिळाला नाही. तो घरी परत आला नाही.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना ओरडता येत नाही. आम्ही तापतो, आवाज बदलतो, एवढेच आमचे बोलणे. ते ऐका. आणि डब्यावर नाव लिहा, तुमचे नाक कितीही तल्लख असले तरी.

त्यानंतर मी कॉटखाली पत्र्याच्या पेटीत पडून राहिले. मला गार ठेवणाऱ्या माझ्या डोक्यावरच्या धातूच्या पातळ पंखांवर गंज आणि धूळ बसली. सून नवऱ्याकडून शिकलेले काम करू लागली. सायकल अंगणात तशीच उभी असे; अवजारांची तीच पिशवी खांद्याला लावून ती पायी निघायची आणि संध्याकाळी खांदा चोळत यायची. एक दिवस तिने पेटी ओढून सासऱ्यांसमोर ठेवली. "एवढं इंजिन दुरुस्त करा, बाबा. टेकडीपलीकडे कपड्यांचा कारखाना आहे. त्यांना मशिनांसाठी रोज माणूस हवा आहे. पायी रोज जमायचं नाही."

त्यांनी मला उघडले. जुन्या सोबत्याच्या लेथवर सिलिंडर आतून कातून घेतला. ओरखडे गेले. एक माप मोठा पिस्टन आणला, त्यावर नव्या रिंगा चढवल्या, कागदी पॅकिंग कात्रीने कापले. शेवटचा बोल्ट आवळून हाताने फिरवले, तेव्हा मी श्वास घेतल्यासारखी फिरले. मी तयार होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पुन्हा उघडले. रिंगांची फट जास्त वाटते म्हणाले. मग फिरत्या दांड्याभोवतीचे रबरी सील. मग परत रिंगा. दर वेळी पॅकिंग फाटायचे, दर वेळी ते नवे कापायचे. समोरचा घड्याळजी दारातून म्हणाला, "अहो टर्नर, मी घड्याळंसुद्धा इतक्यांदा उघडत नाही. इंजिन बांधताय की लोणी काढताय?" त्यांनी पॅकिंगसाठी पुन्हा कागद पुढे ओढला.

सून सगळे पाहत होती. शनिवारी ती आली आणि पिशवी न उतरवताच खाली बसली.

"सोमवारी नाही आले तर ते दुसरा माणूस ठेवणार आहेत. झालं का?"

"सील जरा कडक वाटतंय."

"काल ढिलं होतं."

त्यांनी पाना खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"बाबा, मलाही भीती वाटते. तो उतार मलाही उतरायचाय."

"नको बोलूस."

"कुणीतरी बोलायला हवं. या घरात आता बोलायचं राहिलंय ते फक्त तुमचं इंजिन." तिने पिशवी खांद्यावरून उतरवली. "नसेल द्यायचं तर तसं सांगा. मी कारखान्याला नाही म्हणून कळवते. पण रोज एक नवीन खोट काढू नका हो. मला आशा लागते."

म्हाताऱ्यांनी पाना खाली ठेवला आणि तळवा माझ्या सिलिंडरवर टेकवला. मग त्यांनी हात पुसले, नीट, एकेक बोट.

"यात काही खोट नाही," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून नव्हती. सायकल आत घे, पोरी. आत्ता बसवतो. तू चालव."