ढेपेला एकवीस मुंगळे

गेल्या संक्रांतीला गोदा दीड वर्षाची होती आणि तिला बाळकृष्ण केलं होतं. स्टेजवर पाय ठेवल्याठेवल्या तिनं मुकुट भिरकावला, बासरी शेजारच्या दुसऱ्या बाळकृष्णाच्या डोक्यात घातली आणि पीतांबर तिथंच सोडून, आहे त्या अवस्थेत मैदानातून धूम ठोकली. साखर कारखान्याच्या वसाहतीतल्या बायका वर्षभर नळावर ती गोष्ट रंगवून सांगत होत्या. गोदाची आई नीलांबरी त्यांच्याबरोबर हसायची. आपणच आधी हसलं की दुसऱ्याच्या हसण्याची धार जाते, हे तिला लहानपणीच पुणतांब्याच्या घाटावर धुणं धुताना कळलं होतं.

यंदा मात्र हसून चालणार नव्हतं.

सासूबाई नगरहून आल्या त्या एक रिकामी पत्र्याची पेटी घेऊन. नीलांबरीला सातवा लागला होता. पहिला चहा संपायच्या आत त्यांनी विषय काढला.

"गोदीला मी घेऊन जाते. बाळंतपण होऊन तू हिंडूफिरू लागलीस की आणून सोडते."

"इतके दिवस, आई?"

"पाच-सहा महिने म्हणजे काय जन्म झाला? अगं, ही पोर जेवायला पाटावर पाच मिनिटं बसत नाही. आठव्या-नवव्या महिन्यात तू हिच्यामागं उसाच्या गाड्यांमधून पळणार आहेस का?"

खोटं काहीच नव्हतं. ते ऐकायलासुद्धा गोदा जागेवर नव्हती. ती अंगणात बादली पालथी घालून तिच्यावर चढत होती. शामकांतनं कपात नाक घातलं. कारखान्याच्या काट्यावर तो दिवसाला शेकडो गाड्यांचं वजन करायचा, पण आईपुढं त्याच्या शब्दाला कधी वजन आलं नाही.

नीलांबरीला रात्री कुशीत शिरणारं ते मऊ, घामेजलेलं डोकं आठवलं आणि तोंडून निघून गेलं, "परवाच्या वेषभूषा स्पर्धेत घंटा होईपर्यंत पाटावर बसली तर?"

"कोण, ही?" सासूबाई खळखळून हसल्या. "बसली तर पेटी रिकामी नेईन परत. शब्द आहे माझा."

शब्द मिळाला, पण स्पर्धेला दोनच दिवस उरले होते आणि गोदाचं नावसुद्धा दिलेलं नव्हतं.

घरोघर तयारी जोरात होती. कुणाचं वांगं होणार होतं, कुणाचा एस.टी.चा कंडक्टर, कुणाचा हिरवं निशाण घेतलेला रेल्वेचा गार्ड. बाळकृष्ण यंदाही सहा होते. नीलांबरीनं गोदाला पुठ्ठ्याची वासुदेवाची टोपी घालून पाहिली. टोपीचं मोरपीस पोरीनं चावून टाकलं. पोस्टमनची पिशवी गळ्यात अडकवली, तर ती पिशवी कोंबडीच्या गळ्यात घालायला धावली. खळ लावून चिकटवलेली मिशी तर शामकांतच्या गालावरून सोलून काढावी लागली.

"राहू दे गं," तो हळूच म्हणाला. "पोरगी वाऱ्यासारखी आहे. वाऱ्याला काय वेष घालणार?"

दुसऱ्या दिवशी दुपारी गोदा दिसेना. हाक नाही, धडपडल्याचा आवाज नाही. नीलांबरी पोट सावरत घरामागं गेली, तर न्हाणीपाशी पोरगी उकिडवी बसलेली. समोर सुपारीएवढा गुळाचा खडा आणि त्याला लागलेली मुंगळ्यांची रांग. धुण्याभांड्याला येणारी मालनबाई शेजारी भांडी घासत होती. तिचा नवरा छगन जवळच्याच वाडीत गुऱ्हाळावर गूळ रांधायचा, त्यामुळे तिच्या ओच्यात नेहमी एखादा खडा असायचा.

"मगापासनं हितंच हाय, वैनी," मालनबाई म्हणाली. "धुणं झालं, निम्मी भांडी झाली, पन पोर जागची हालली न्हाई. डोळ्याची पापनी सुदिक न्हाई हालवली."

नीलांबरी पाहतच राहिली. आपली मुलगी स्थिर बसू शकते! फक्त तिला बसावंसं वाटेल असं काही समोर असायला हवं. आतापर्यंत आपण पोरीला वेषात कोंबत होतो. वेषच पोरीच्या मापाचा का नसावा?

"मालनबाई, गुळाची ढेप केवढी असते हो?"

"आसती की बादलीयेवढी. कशापाई?"

"आपल्या गोदीएवढी करायची आहे."

मालनबाईनं गोदाच्या गरगरीत पोटाकडं, गुबऱ्या गालांकडं पाहिलं आणि राखेचा हात तोंडाला लावून ती हसत सुटली. "आवो, हिची काय करायची? ही झालेलीच हाय!"

संध्याकाळी शामकांतला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. "गूळ? कारखान्याच्या वसाहतीत? अगं, लोक ऊस गुऱ्हाळाला घालतात म्हणून चेअरमन आप्पासाहेबांचा जीव जळतोय. रोज काट्यावर येऊन गाड्या मोजतात. आणि बक्षीस द्यायला तेच येणार! आप्पासाहेबांच्या पुढ्यात माझी मुलगी ढेप होऊन बसणार?"

"बसणार," नीलांबरी म्हणाली. "बसावी हेच तर पाहिजे आहे."

थोड्या वेळानं त्यानं आपलं जुनं धोतर शोधून दिलं.

धोतर तिनं हळद आणि चहाच्या पाण्यात उकळलं. रंग असा उतरला की मालनबाईनं वास घेऊन पाहिला. बादलीसारखा खाली निमुळता, वर रुंद असा झगा बेतला, आत फाटक्या उशीचा कापूस भरला. गोदा झोपली की शिवायचं, जागी झाली की लपवायचं. मुंगळे काळ्या चिंधीचे, पाय काळ्या दोऱ्याचे. सासूबाई जपमाळ ओढत आल्या आणि थबकल्या.

"काय शिवतेस?"

"मुंगळे."

सासूबाईंनी सुनेकडं, मग तिच्या पोटाकडं पाहिलं. "या खेपेला डोहाळे तरी धड लागायचे होते," म्हणाल्या आणि आत गेल्या. रात्री त्यांनी गोदाची झबली, फ्रॉक घडी घालून पेटीत भरले. नीलांबरीनं तिकडं पाहिलं नाही. ती विसावा मुंगळा शिवत होती. एकविसावा तिनं झग्याच्या मांडीवर शिवला, पोरीला सहज दिसेल असा.

मैदानावर सगळी वसाहत लोटली होती. स्टेजवर पंधरा पाट मांडले होते. नियम एकच: शिपाई सूर्यभान घंटा देईपर्यंत मुलानं पाटावरून उठायचं नाही. नीलांबरीनं गोदाला पाटावर ठेवलं, हातात गुळाचा खडा दिला आणि खाली येऊन सासूबाईंच्या शेजारी उभी राहिली. ढेप दिसताच गर्दीत हशा पिकला. पहिल्या रांगेत बसलेल्या आप्पासाहेबांच्या भुवया वर गेल्या. शामकांत खांबामागं सरकला.

पहिला बाळकृष्ण रडला. मग सगळेच रडले. अशा वेळी मुलांचं कोल्ह्यांसारखं असतं, एकानं सूर लावला की झालं. गार्ड निशाण टाकून पळाला. वांगं आडवं झालं आणि त्याला उठता येईना. कंडक्टरनं पाटच ओला केला. एकेक आई धावत वर जाऊन आपापला देव उचलून आणत होती.

गोदाचा खालचा ओठ थरथरला. नीलांबरीनं तो इतक्या लांबूनही पाहिला. "मांडी बघ, सोन्या, मांडी," ती पुटपुटली.

गोदानं खाली पाहिलं. मुंगळा! तिनं खडा चिंधीच्या मुंगळ्याच्या तोंडाला लावला. मग दुसऱ्याच्या, मग पोटावरच्या तिसऱ्याच्या. आईनं भरवावं तशी ती "आ कल, आ कल" म्हणत प्रत्येकाला भरवत होती. स्टेजवर पाट रिकामे होत होते आणि लोक हसायचे थांबून पाहू लागले होते.

तेवढ्यात फळीच्या फटीतून एक खराखुरा मुंगळा वर आला आणि गुळाच्या वासानं सरळ ढेपेकडं निघाला. डसला तर? तिचं पाऊल उचललं.

सासूबाईंनी तिचं मनगट घट्ट धरलं. "थांब. तिला कळतंय."

गोदानं त्याला हात लावला नाही. खड्याचा कण मोडून तिनं पाटाच्या कडेला ठेवला, हात मागं घेतला आणि श्वाससुद्धा न घेता बघत बसली. आता स्टेजवर ती एकटी होती. वेळ केव्हाच टळून गेली होती, पण सूर्यभान घंटेचा दांडा हातात धरून, तोंड उघडं टाकून मुंगळ्याकडंच बघत होता.

"अहो, घंटा द्या की!" भर मैदानात आवाज फुटला. "झोपलात का? किती वेळ बसायचं माझ्या नातीनं?"

सासूबाई होत्या. पदर डोक्यावरून घसरलेला, हात वर केलेला.

घंटा घणघणली. टाळ्यांनी मैदान दणाणलं. आप्पासाहेब स्टीलचा डबा घेऊन वर गेले आणि ढेपेपुढं वाकले. "काय हो, साखरेच्या राज्यात गूळ?"

गोदानं उरलेला, उष्टा, चिकट खडा त्यांच्यापुढं धरला. "आ कल."

आप्पासाहेबांनी तोंड उघडलं, खडा खाल्ला आणि माईकवर म्हणाले, "संक्रांत आहे. आज गुळाला नाही म्हणायची छाती कुणाची?" शामकांत खांबामागून बाहेर आला तो टाळ्या वाजवतच.

घरी आल्यावर सासूबाईंनी पेटी उघडली. गोदाचे फ्रॉक एकेक करून खुंट्यांवर लावले. मग आपली पिशवी ओढली आणि आपली नऊवारी लुगडी त्याच खुंट्यांच्या खाली वलणीवर टाकली.

"हे काय, आई?"

"शब्द दिलाय, पेटी रिकामी जाईल. पण कधी जाईल ते कुठं सांगितलंय? बाळंतपण होईतो इथंच राहीन म्हणते. पोरीमागं पळायला कुणीतरी हवंच." त्या गोदापुढं उकिडव्या बसल्या. "आणि तू गं ढेपे, मुंगळे कुठं सापडतात ते मला दाखव पाहू."

गोदानं त्यांचं बोट धरलं आणि दोघी न्हाणीकडं निघाल्या. एक वाऱ्यासारखी, दुसरी गुडघे धरत, पण मागं न राहता.