चौदा कप्प्यांची डबी

मित्रांनो, मी गोळ्या ठेवायची प्लॅस्टिकची डबी. माझ्या झाकणांवरची वारांची नावं आता पुसट झाली आहेत. सात वार, सकाळ आणि संध्याकाळ, असे माझे चौदा कप्पे. कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. साच्यातून निघाले आणि दवाखान्यासमोरच्या औषधांच्या दुकानात जाऊन पडले. तिथून एका आईनं मला घरी नेलं. तिनं आपली एक किडनी दहा वर्षांच्या लेकीला दिली होती. लेकीला घरात सगळे ठमी म्हणत. शरीरानं ती किडनी परकी समजून नाकारू नये, म्हणून ठमीला सकाळ-संध्याकाळ बरोबर आठ वाजता गोळ्या घ्याव्या लागत. एक-दोन महिने नाही, ती किडनी आहे तोवर.

पहिली तीन वर्षं माझं फार कौतुक झालं. आमची एकही गोळी चुकली नाही, असं आई पाहुण्यांना सांगे आणि मी फुलून जाई.

मग ठमी तेरा वर्षांची झाली. औषधांनी तिचा चेहरा गोल झाला, गालांवर लव आली. वर्गातल्या मुली तिला भोपळा म्हणू लागल्या. त्याच औषधांमुळे तिला संसर्ग पटकन होई, म्हणून घरात कुणी शिंकलं तरी तिला खोलीत बसवत. सहलीचं तर नावच नको.

एका संध्याकाळी तिनं माझं झाकण उघडलं, गोळ्या मुठीत घेतल्या आणि कपाटामागे टाकून दिल्या. पुढे हे रोजचंच झालं. आई येई, कप्पा रिकामा बघे आणि निर्धास्त होऊन स्वयंपाकघरात जाई. मित्रांनो, मला झाकणं चौदा, पण वाचा नाही. माझ्याच पोटातून खोटं बोललं जात होतं आणि मी टेबलावर नुसती पडून होते.

दोन महिन्यांनी ठमीचे पाय सुजले. तपासणीत रक्तात औषध जवळजवळ सापडलंच नाही. तिला दवाखान्यात ठेवलं; सामानात मीही होते. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. खुर्ची पलंगाजवळ ओढून त्यांनी गोळ्या कधीपासून नकोशा झाल्या, एवढंच विचारलं. ठमी चादरीचा दोरा ओढत राहिली.

"आईनं किडनी दिली," ती शेवटी म्हणाली. "मग मला कंटाळा आलाय हे मी कुणाला सांगू?"

पायथ्याशी उभी असलेली आई पुढे येऊन पलंगावर बसली. मग ती म्हणाली, "मला सांग. रोज सांग, कटकट कर, भांड माझ्याशी. पण गोळी घे."

किडनी वाचली, पण पूर्वीइतकी धड राहिली नाही. गोळ्याही वाढल्या. आता आठ वाजता दोघी शेजारी बसतात. ठमी आधी मनसोक्त कुरकुरते, मग पाण्याचा पेला उचलते.

मित्रांनो, तुमच्या वर्गात असं कुणी असेल, तर त्याला चेहऱ्यावरून चिडवू नका. आणि घरातल्या मोठ्यांना माझा निरोप द्या: गोळी दिलीत की लगेच उठू नका, घडीभर बसा. गोळ्या मी सांभाळीन. मूल सांभाळणं मला जमत नाही.