पंचांच्या हातचं पान

न्यायपंचायती बंद झाल्याचं मी राजपत्रात वाचलं. आणीबाणीच्या आधी की ऐन आणीबाणीत, आता खात्रीनं सांगवत नाही. पवनारच्या अलीकडे आमचं गाव. तिथलं वाचनालय मी सांभाळत असे, आणि राजपत्र उघडणारा बहुधा मी एकटाच. ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं, तरी आपलंच काही चुकत असेल असं वाटत राहिलं.

त्याच आठवड्यात कवडू गोंडाचा बैल लक्ष्मणरावांच्या वांग्याच्या वाडीत शिरला आणि त्यांनी तो आपल्या गोठ्यात बांधून ठेवला. न्यायपंचायतीचे प्रमुखही लक्ष्मणरावच. चावडीत त्यांनी निकाल दिला, की पेरणी उरकेपर्यंत बैल त्यांच्या गोठ्यात राहील. उरलेल्या एका बैलावर कवडूची पेरणी होणार नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग रीतीप्रमाणे विड्याच्या पानांचं तबक पुढे आलं. पंचांच्या हातचं पान घेतलं की निकाल मान्य. त्यावर पुन्हा बोलायचं नाही.

कवडूनं हात पुढे केला आणि मी उभा राहिलो. कसंबसं सांगितलं, की कायदा बदलला आहे, न्यायपंचायत आता उरलेली नाही, हा निकाल कुणाला बांधत नाही. मागे कुणीतरी हसलं.

"मुंबईत बंद झाली असंन," लक्ष्मणराव म्हणाले. "पान तं इथं फिरून राह्यलं ना, अण्णाजी?"

कवडूनं माझ्याकडे पाहिलं, हात मागे घेतला आणि गोठ्यात जाऊन बैल सोडला. बैल घेऊन तो चावडीसमोरून निघाला, तेव्हा त्याला कुणी अडवलं नाही.

"घेऊन जाय," लक्ष्मणराव म्हणाले. "पन उद्यापासून तुई बायको माया विहिरीवर दिसाले नाई पायजे."

गोंडांच्या वस्तीतली विहीर उन्हाळ्यात आटते. कवडूची रामबाई घागर घेऊन धाम नदीपर्यंत जाऊ लागली. तिची वाट वाचनालयावरूनच होती. ती दिसली की मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरी. राजपत्र पुन्हा चाळलं. विहीर लक्ष्मणरावांच्या मालकीची. तिच्याबद्दल त्यात काही नव्हतं.

एका संध्याकाळी कवडूनं स्वतःच्या हातानं बैल लक्ष्मणरावांच्या गोठ्यात नेऊन बांधला आणि पान घेतलं. ते चघळतच तो वाचनालयाच्या दारात आला.

"अण्णाजी, तुमच्या कागदातून पानी निघते काय?"

त्यानं पायरीवर लाल पिंक टाकली, आणि रामबाईला हाक मारत तो विहिरीकडे गेला.