भोंग्याची कवळी

आमच्या मालकाला आम्ही भोंगा म्हणायचो. पाठीमागे, अर्थात. प्लास्टर सांडलं की तो ओरडायचा, वीज जास्त जळली की ओरडायचा, कुणी संडासात पाच मिनिटांवर बसलं तर दाराबाहेर उभा राहून ओरडायचा. आम्ही अकरा जण त्याच्या लॅबमध्ये दिवसभर लोकांचे दात बनवायचो आणि स्वतः दातओठ खात बसायचो.

दाताच्या डॉक्टरांकडून मापं यायची, त्यावरून आम्ही कवळ्या करायचो. मला हे काम दादाने शिकवलं. दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ, एकतीस वर्षं त्याच टेबलावर. कवळी तयार झाली की तो डोळे मिटून तिच्या कडेवरून अंगठा फिरवायचा. कुठे जरा खुपलं की पुन्हा घासायला घ्यायचा. "ही कुणाच्या तरी तोंडात दिवसभर राहणार आहे," म्हणायचा, "आपल्या हातून खोटं काम बाहेर जाता कामा नये."

मग भोंग्याने कुठूनशी कवळ्या बनवायची स्वस्तातली पावडर आणली. दादाने पहिल्याच दिवशी सांगितलं, हिने कवळीत बुडबुडे येतात. ऐकतो कोण? महिन्याभरात एका डॉक्टरकडून चार कवळ्या परत आल्या. भोंग्याने सगळ्यांना गोळा केलं आणि त्यातली एक दादाच्या अंगावर भिरकावली.

"थेरड्या, हात थरथरतात तुझे! लोकांच्या तोंडात काय घाण भरतोस?"

दादाचे हात थोडे थरथरायचे, हे खरं. पण बुडबुडे पावडरीचे होते आणि ते भोंग्याला पक्कं ठाऊक होतं. दादा 'पावडर' एवढंच म्हणाला, तर आवाज आणखी चढला. तिथल्या तिथे कामावरून काढलं आणि दाराशी त्याला पिशवी उलटी करायला लावली. त्यातून डबा, टॉवेल, चष्म्याची डबी आणि मेण कापायची एक छोटी सुरी पडली. सुरी दादाने स्वतः विकत घेतलेली. भोंग्याने ती ठेवून घेतली. "लॅबची आहे," म्हणाला.

आम्ही दहाही जण मान खाली घालून उभे होतो. मीसुद्धा. वहिनी गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, दादाची औषधं माझ्या पगारावर, वगैरे कारणं माझ्याकडे भरपूर आहेत. पण मी मान खाली घातली ती घातलीच.

दादा घरी बसला आणि बोलेनासा झाला. विचारलं तर हो, नाही, एवढंच. हात मात्र कायम मांडीखाली दाबून ठेवायचा. मला वाटायचं, त्या माणसाचं काहीतरी वाटोळं व्हावं, आणि ते सगळ्यांदेखत व्हावं.

आणि भोंग्याचे वरचे दात कामातून गेले! एक नाही, सगळे. आयुष्यभर हा डॉक्टरांसमोर स्वतःची बत्तिशी दाखवून फुशारक्या मारत आला. आता कुठल्या तोंडाने त्यांच्याकडे जाणार? लांबच्या गावी जाऊन गुपचूप दात काढून आला आणि जखम भरेपर्यंत तोंडाला मास्क लावून आतल्या खोलीत बसला. आम्हाला दोन महिने सुट्टी लागल्यासारखं वाटलं.

मग एक दिवस त्याने मला आत बोलावलं आणि दार लावलं. गालफडं बसली होती.

"माप तूच घे, कवळी तूच कर. बाहेर एक शब्द जाता कामा नये," तो फुसफुसला. "आणि नीट कर. नाहीतर भावाच्या मागोमाग तूही."

त्या 'नाहीतर'पर्यंत मी खरंच नीट करणार होते.

माणूस मोठ्ठं तोंड उघडतो तेव्हा मागच्या बाजूला, गालाच्या आत, खालच्या जबड्याच्या हाडाचं टोक पुढे सरकतं. वरच्या कवळीची कड तिथे जाड राहिली तर हाड तिला ढकलतं आणि कवळी सुटते. म्हणून तिथे पातळ घासायचं, हे दादाने मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. मी दोन्हीकडे नखभर जाडी ठेवली. बाकी कवळी मी जन्मात केली नव्हती इतकी सुंदर केली. बोला, खा, हसा, जागची हलणार नाही. फक्त ओरडायचं नाही.

भोंग्याने चार दिवस आरसा सोडला नाही. पाचव्या दिवशी एका पोरीच्या हातून साचा फुटला आणि तो गरजला, "अक्कल गहाण टाकली—" पुढचं वाक्य कवळीसकट समोरच्या ओल्या प्लास्टरच्या वाडग्यात पडलं.

आधी कुणीच हललं नाही. मग कोपऱ्यातून एकजण फिस्सकन हसला आणि सगळी लॅब हसत सुटली. भोंगा तोंडावर हात धरून, दुसऱ्या हाताने प्लास्टर चिवडत होता. मी मान खाली घातली नाही. पोटभर बघून घेतलं.

संध्याकाळी तो आमच्या घरी आला. एका हातात कवळी, आवाज अगदी खालचा.

"तुमच्या बहिणीने काहीतरी करून ठेवलंय," तो दादाला म्हणाला. "तुम्ही कामात खोटं बोलत नाही, मला माहीत आहे. दोष आहे एवढं सांगा. उद्या हिला काढतो आणि तुम्ही परत या. तुमचं टेबल तसंच आहे." आणि खिशातून ती छोटी सुरी काढून त्याने दादापुढे ठेवली. "ही घ्या. इथेच दुरुस्त करून द्या."

मी दादाला काही सांगितलं नव्हतं. दादाने मांडीखालचा हात काढला, कवळी घेतली, डोळे मिटले. थरथरता अंगठा कडेवरून मागे गेला आणि डावीकडे थांबला. मग उजवीकडे थांबला. दादाने डोळे उघडले ते थेट माझ्याकडे. एकतीस वर्षांत हा माणूस कवळीबद्दल खोटं बोलला नव्हता.

त्याने सुरी उचलली आणि स्वतःच्या खिशात ठेवली. कवळी भोंग्याच्या हातावर ठेवली.

"काम निर्दोष आहे," दादा म्हणाला. "तुम्ही ओरडू नका."

भोंग्याने कवळी तोंडात कोंबली. "तुम्ही दोघं मिळून—" आणि ती टपकन आमच्या फरशीवर पडली.

"बघा, ओरडलात," दादा म्हणाला. "आणि हिला काढलंत तर ही दुसऱ्या लॅबमध्ये जाईल. तिथेही डॉक्टर येतात, गप्पा होतात. तेवढं लक्षात ठेवा."

भोंगा वाकला, कवळी उचलली आणि जिना उतरला. मी दार लावलं.

"दादा, ती कड मी—"

"कळलं मला," तो म्हणाला. कित्येक महिन्यांनी त्याच्या तोंडावर हसू होतं. "डावीकडे जरा जास्त ठेवलीस. दोन्हीकडे सारखी हवी."