थारोळ्याखालची तगर

पेशकारसाहेबांना बागेचं जे काही सुचायचं ते सकाळी, आणि कस्तुराबाईंचं मौनही सकाळीच. उठल्यापासून महादेवाची पूजा होईपर्यंत त्या कुणाशी चकार शब्द बोलत नसत. लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणापासूनचा हा नेम एकदाही मोडला नव्हता. अणदुरात तो सगळ्यांना ठाऊक होता, आणि सगळ्यांत जास्त त्यांच्या यजमानांना, म्हणजे साहेबांना.

तालुक्याच्या कचेरीतून पेन्शन घेऊन साहेब गावी आले ते डोक्यात चमन, म्हणजे आखीव बाग, घेऊनच. हैदराबादेला कुण्या नवाबाच्या हवेलीत त्यांनी तो पाहिला होता. घरामागचं जुनं खळं मोकळं पडलं होतं, विहीर होती, मोट होती. मग काय, रोज सकाळी साहेबांच्या हातात काठी आणि मागं राखेची पाटी घेऊन खाजाभाई माळी. जर्मनच्या लढाईमुळं चुना मिळेना, म्हणून चुलीतल्या राखेनं रेघा. मधोमध हौद, हौदापासून चारी बाजूंना वाटा. दुसऱ्या दिवशी हौद डाळिंबांच्या जागी, डाळिंबं केळीच्या जागी. तिसऱ्या दिवशी सगळं पुसून नव्यानं.

"साहेब, रेघा मारून मारून भुईच राखेची झाली," खाजाभाई म्हणायचा. "झाड लागंना का, खत तर पडलं."

कस्तुराबाईंना हसू यायचं, तेही आवरावं लागे. आणि रागही.

त्यांचं मागणं एवढंसं होतं. पुढच्या वर्षीच्या श्रावणात महादेवाला लाख तगरी वाहायचा संकल्प त्यांनी सोडला होता. फुलं विकतची नकोत, मागून आणलेली नकोत, घरच्या भुईतली हवीत. माहेराहून, येडशीहून, फांद्या आणून त्यांनी फुटक्या घागरींत लावल्या, जगवल्या. आता मुळ्या घागरींबाहेर डोकावत होत्या, खालची पानं पिवळी पडत होती. मृगाच्या आत झाडं भुईत जायला हवी होती. जागाही त्यांनी हेरून ठेवली होती. मोटेचं पाणी ज्या थारोळ्यात पडतं त्याच्या अगदी खाली, जिथं विहिरीचं पाणी पहिल्यांदा भुईला लागतं.

दुपारी जेवणं झाली की त्या सांगायच्या, "थारोळ्याखाली चार ओळी तगरीला ठेवा."

"व्हय, व्हय. सकाळी खाजाभाईसमोर बघू," म्हणत साहेब कुशीवर वळायचे. संध्याकाळी ओसरीवर चार माणसं यायची, मग बाईमाणसाला तिकडं जायची सोय नसे. आणि सकाळी तर तोंडच बंद.

शेजारच्या रुद्रम्मा भिंतीवरून हे रोज बघायच्या. एका दुपारी म्हणाल्या, "तुमचा देव बोलू देईना अन् धनी ऐकून घेईना. पूजा पहाटंच उरका की."

"तेबी करून बघितलं. भांड्याचा आवाज झाला की उठत्यात, पूजा व्हायच्या आत बागंत. काठी उशालाच असती."

एके सकाळी कस्तुराबाई न्हाऊन, फुलांची परडी घेऊन मागच्या दारात आल्या, तर न्हाणीच्या मोरीपाशी राखेचा लांब चौकोन आखलेला. साहेब खुशीत होते.

"ही बघ तुझ्या तगरीची सोय. थारोळ्याखाली गुलाब येतोय. घरात माणसं आंघोळ करत्यात तवर तुझी झाडं काय वाळत न्हाईत."

कस्तुराबाईंनी परडी मोरीपासून लांब धरली. मोरीचं पाणी. अंगाचा मळ, तोंडाची चूळ, सगळं त्याच वाटेनं जायचं. त्यावर वाढलेलं फूल देवाच्या माथ्यावर? त्यांनी जोरानं मान हलवली आणि थारोळ्याकडं बोट केलं.

"व्हय, मोट चालूच हाय आज," साहेब म्हणाले. "घालू की पाणी."

"बाईसाब न्हाई म्हनत्यात जणू," खाजाभाई म्हणाला.

"न्हाई असतं तर काल दुपारीच बोलली असती. रोज बोलती की."

"काय बोलत्यात?"

"झाडांचंच कायतरी. खाजाभाई, फोडा घागर."

खाजाभाईनं पहिली घागर उचलून दगडापाशी नेली. आतल्या तगरीच्या शेंड्याला एक कळी होती.

"तिथं नको."

आवाज बारीकच होता, नेहमीचा. पण खाजाभाईचा हात तसाच राहिला, भिंतीपलीकडं रुद्रम्मांची केरसुणी थांबली.

"मोरीचं पाणी देवाला चालत न्हाय. थारोळ्याखाली लावा. काल सांगितलं, परवाबी सांगितलं."

साहेब खरोखरच नवलानं बघत राहिले. "मग असं सकाळी सांगायचं की. दुपारी सांगून काय उपेग?"

गुलाब मोरीपाशी गेला, तगर थारोळ्याखाली आली. खाजाभाईच्या तोंडातलं पान संपायच्या आत सगळं झालं. नेम मोडलेल्या हातानं फुलं वाहावीत कशी, म्हणून कस्तुराबाईंनी परडी तशीच तुळशीपाशी ठेवली. इतक्या वर्षांचं मौन, आणि मोडलं ते चार ओळी जागेपायी. दिवसभर त्यांनी पाणीही घेतलं नाही. देवापुढं बसल्या, पण ओठावर नाव यायच्या आधी 'दुपारी सांगून काय उपेग' हेच येई.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नेम नव्यानं धरला. परडी घेऊन मागं आल्या, तर साहेब काठी घेऊन थारोळ्यापाशीच उभे.

"मी काय म्हणतो, हौद इथंच शोभंल. तुझी तगर जराशी पलीकडं सरकवू. काय? बोल की. काल तर बोललीस."

खाजाभाईनं राखेची पाटी खाली ठेवली.

कस्तुराबाई थारोळ्याखालच्या ओल्या वाफ्यात शिरल्या, तगरीच्या दोन ओळींमध्ये मांडी घालून बसल्या, परडी मांडीवर घेतली आणि डोळे मिटून जप सुरू केला. चिखल लुगड्यात मुरत होता, मुरू दिला.

साहेबांची काठी या हातातून त्या हातात गेली.

"आता हे कवर चालायचं?" त्यांनी विचारलं.

"बाईसाब बोलंपर्यंत," खाजाभाई म्हणाला, आणि बांधावर बसून त्यानं पानाची चंची सोडली.