गुंत्याला न भिणारी फणी

मी एक जुनी शिसवी फणी आहे, मित्रांनो. माझे तीन दात पडलेत आणि पाठीला चीर गेली आहे. तरी माझी कीव करू नका. एकदा मला अपशकुनी ठरवून घराबाहेर काढलं होतं. मी परत आले. कशी आले, ते ऐका.

माझा जन्म औरंगाबादेत, शहागंजामागच्या एका बोळात झाला. निजामाविरुद्धची पोलीस ॲक्शन होऊन तीन-चार वर्षं उलटली होती. फण्या बनवणारे निजामुद्दीनचाचा बारीक करवतीने आमचे दात कापत. माझ्या एका अंगाला दाट दात होते, उवा-लिखांसाठी. दुसऱ्या अंगाला विरळ दात, गुंत्यासाठी. प्रत्येक दाताचं टोक चाचा घासून गोल करत आणि स्वतःच्या मनगटावर फिरवून बघत. ओरखडा उठला, की पुन्हा घासत. मग दोन दिवस आम्हाला तिळाच्या तेलात ठेवत.

लासूर स्टेशनच्या बाजाराला चाचा आगगाडीने आम्हाला घेऊन जात. तिथे मला दगडाबाईंनी विकत घेतलं. त्या जवळच्याच एका खेड्यातल्या, कारभारी नावाच्या शेतकऱ्याची बायको.

चाचा म्हणाले, "बाई, टोकापासून वर या. डोक्यापासून खाली ओढाल तर केस तुटंल, अन् नाव माझ्या फणीला ठेवाल."

दगडाबाईंनी ते ध्यानात ठेवलं. त्यांची मुलगी वच्छला आठ वर्षांची होती. तिचे केस कमरेपर्यंत. ओल्या केसांना दगडाबाई मला लावत नसत. केस वाळले, की आधी बोटांनी मोकळे करत, मग टोकं, मग मधला भाग, शेवटी माथा. वच्छला तेव्हा पाढे म्हणायची. मित्रांनो, मला तेराचा पाढा येतो तो तिच्यामुळे!

त्याच वर्षी श्रावणात वच्छलाला मुदतीचा ताप आला. चाळीस दिवस ती अंथरुणावर होती. तिला मान उचलवत नव्हती, तर केस कोण विंचरणार? घामाने आणि उशीवर घासून मागचे केस एकमेकांत अडकत गेले. ताप उतरला तेव्हा मानेवर नारळाएवढा गोळा झाला होता.

दगडाबाईंनी मला हातात घेतलं. तेवढ्यात कारभारींच्या आत्या, सारजाबाई, दारातून ओरडल्या, "फणी खाली ठेव! जट हाय ती. देवी आलीय पोरीच्या डोक्यात."

त्या घरात सारजाबाईंचा शब्द कोणी मोडत नसे. आईविना वाढलेल्या कारभारींना त्यांनीच लहानाचं मोठं केलं होतं. त्यांनी गोळ्यावर हळदकुंकू वाहिलं. बायका येऊन आठ वर्षांच्या पोरीच्या पाया पडू लागल्या. तिच्या मैत्रिणी तिला खेळात घेईनात. शाळा बंद झाली. गोळ्याच्या ओढीने मुळाशी केस तुटत होते, कातडी लाल झाली होती. ती रडली, की सारजाबाई म्हणत, "रडती ती देवी, पोर नाय."

मग एक दिवस त्यांनी सांगून टाकलं, "चैती पुनवेला पोरीला देवीच्या दारी नेऊन सोडायची. अन् ती फणी आधी घराभाईर काढ. अपशकुन हाय."

सोडायची म्हणजे कायमची. घर नाही, शाळा नाही, लग्न नाही. मला सांगा मित्रांनो, माझा काय गुन्हा होता? चाळीस दिवस कोणी मला हात लावला नाही, आणि अपशकुनी मी?

दगडाबाई मला घेऊन बाजारात चाचांकडे गेल्या. "परत घ्या," एवढंच त्या म्हणाल्या.

चाचांनी माझे दात तपासले. "मोडली तर नाय. मग?"

दगडाबाईंनी सगळं सांगितलं. त्या दिवसांत दुसऱ्याच्या देवाधर्मात बोलणं त्यांच्यासारख्याला सोपं नव्हतं. तरी ते बोलले. "बाई, देवीचं मला कळत नाय. केसांचं कळतं. चाळीस दिवसांच्या तापानं झालेला तो गुंता हाय. माझी घरवाली मुनिरा हाय, मोहल्ल्यातल्या नवऱ्यामुलींचे केस तीच धुती. पोरीला तिच्याकडं आणा. फणी मी परत घेत नाय."

त्या संध्याकाळी दगडाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "उद्या मी पोरीला औरंगाबादेला नेते. गुंता काढून आणते."

"आत्याला काय सांगू?"

"खरं सांगा."

मुनिराचाचींनी वच्छलाला अंगणात पाटावर बसवलं. दगडाबाईंनी दबक्या आवाजात विचारलं, "कापावं लागंल का?"

"कैंची कशाला? मुश्किल आहे, पण हात आहेत ना आपल्याला."

त्यांनी कोमट तेल गोळ्यात जिरवलं आणि दुपारपर्यंत नुसती वाट पाहिली. मग गुंत्याच्या वरचे केस मुठीत घट्ट धरले, म्हणजे मुळाला ओढ बसत नाही. बोटांनी एकेक बट सोडवली आणि खालच्या टोकापासून माझे विरळ दात घातले.

वच्छलाने घाबरत विचारलं, "चाची, देवी कोपंल का?"

"बेटी, तू देवीची मूर्त पाहिली आहेस ना? तिच्या डोक्यात कधी गुंता पाहिलास? कशी छान कंघी केलेली असते!"

वच्छलाने विचार केला आणि तापानंतर पहिल्यांदा हसली.

दोन दिवस लागले. माझा एक दात तिथे मोडला. त्याचं मला दुःख नाही, अभिमान आहे. गोळा सुटला. चाचींनी रिठ्याने डोकं धुतलं आणि फाटलेली टोकं तेवढी कापली. त्या दगडाबाईंना म्हणाल्या, "तुटलेला बाल जुडत नाही. टोकं कापायची, मुळं सांभाळायची. वेणी सैल घाला."

सैल वेणी घालून वच्छला गावात शिरली. सारजाबाई दारातच उभ्या होत्या. "आता बघ. आठ दिवसांत घरावर कोप व्हईल."

आणि पाचव्या दिवशी वच्छलाला पुन्हा ताप भरला! गाव जमलं. सारजाबाईंनी मला कोनाड्यातून उचलून उकिरड्यावर फेकलं. तिथे राखेत पडल्या पडल्या मला दगडाबाईंचा आवाज ऐकू आला. "फणी मी फिरवली. कोप व्हायचा तर माझ्यावर व्हऊ द्या. पोरीला दवाखान्यात नेणार मी."

कोणी हललं नाही. मग कारभारी उठले आणि बैलगाडी जुंपू लागले. आत्याच्या मनाविरुद्ध त्यांनी केलेलं ते पहिलं काम. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, साधा हिवताप आहे. गोळ्यांनी आठवड्यात तो गेला. कारभारींनी मला उकिरड्यावरून शोधून आणलं, धोतराला पुसलं आणि बायकोच्या हातात दिलं.

सारजाबाई मात्र पुढे दहा वर्षं दगडाबाईंच्या हातचं जेवल्या नाहीत. वच्छला शिकली, गंगापूरच्या शाळेत शिक्षिका झाली. मी तिच्याबरोबर होते. ती आईसारखीच मला रोज धुऊन, पुसून, तेलाचं बोट लावून ठेवायची.

एका सुट्टीत आम्ही गावी आलो. सारजाबाई अर्धांगाने अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांचे पांढरे केस मागे चिकटून गोळा झाले होते. शेजारच्या बायका कुंकू घेऊन आल्या होत्या. "म्हातारीला जट आली, भाग्याची गं," असं म्हणत होत्या.

सारजाबाईंनी एका हाताने कुंकवाचा करंडा बाजूला सारला. वच्छलाकडे पाहिलं. मग अडखळत म्हणाल्या, "लई ओढतंय गं... तुजी फणी आण."

वच्छलाने तेल कोमट केलं. तिने वरचे केस मुठीत धरले आणि मला टोकाशी लावलं. चार दिवस आम्ही दोघी त्या केसांत होतो. सारजाबाईंनी माफी मागितली नाही, कोणी मागायलाही लावली नाही. पण शेवटची बट सुटली तेव्हा त्यांनी हाक मारली, "दगडे, भूक लागलीय. भाकर कुस्करून दे दुधात."

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्या जातीचं कोणी असेल, तर त्याला स्वच्छ ठेवा आणि घाईत केसांतून ओढू नका. आणि कोणाच्या डोक्यात गुंता दिसला, तर नमस्कार करू नका, कात्रीही शोधू नका. तेल घ्या आणि शेजारी बसा. मी सांगते, गुंता सुटतो.